दुकानातलं ‘बघतो’

चष्म्याच्या दुकानात ‘बघतो’ या शब्दाला एकच अर्थ होता. गिऱ्हाईक आत यायचं, नाकावरून घसरणारा चष्मा काढून काचेच्या पेटीवर ठेवायचं, आणि चष्मेवाले म्हणायचे, “बघतो.” म्हणजे लगेच बघायचे. वाकड्या मानेचा दिवा खाली ओढायचे, डाव्या डोळ्याला भिंग लावायचे, आणि त्या चष्म्याकडे असे बघायचे की समोरच्याला वाटावं, एवढ्या आस्थेनं आपल्याकडे लग्नातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. मग खिशातून बोटाएवढा पेचकस निघायचा. दोन फेरे दिले की काडी जागेवर.

दुकान बसथांब्यासमोर. रुंदी एवढी की दोन जाड माणसं एकदम आली तर एकाला बाहेर थांबावं लागे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर हत्तीएवढं अक्षर आणि खाली मुंग्या. मागे पडद्याआड काच घासायचं चाक होतं, ते त्यांची बायको चालवायची. तिचा हात त्यांच्याहून साफ होता. हे चष्मेवाले सगळ्यांसमोर कबूल करायचे, फक्त तिच्यासमोर नाही.

असा माणूस आमदार कसा झाला म्हणाल, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पक्षात दोन साडू होते. दोघांनाही तिकीट हवं होतं, आणि एकाला मिळालं की दुसरा त्याला पाडणार हे दोघांच्या बायकांनीच सांगून ठेवलं होतं. शेवटी पक्षाची चार मोठी माणसं एक दिवस दुकानात आली. दुकानात मावली नाहीत, म्हणून दोन आत आणि दोन पायरीवर.

“आम्हाला कुणाच्याच डोळ्यात खुपणार नाही असा माणूस हवाय,” त्यातला टोपीवाला म्हणाला.

पडद्याआडून बायको म्हणाली, “मग बरोबर दुकानात आलात.”

चष्मेवाल्यांनी सवयीनं म्हटलं, “बघतो.” त्यांच्या मनात होतं, विचार करून बघतो, घरात विचारून बघतो. पण राजकारणातल्या माणसांचे कान वेगळे असतात. त्यांनी ते ‘हो’ असं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत भिंतींवर चष्मेवाल्यांचा फोटो लागलासुद्धा. फोटोत ते जरा दचकलेले दिसत होते.

“आता?” त्यांनी बायकोला विचारलं.

“आता काय? दुकान मी बघते. तुम्ही राज्य बघा. पडलात तर शनिवारपर्यंत परत या, शाळेचे बारा चष्मे द्यायचेत.”

पडले नाहीत. पंधरा वर्षं ज्या म्हाताऱ्यांना त्यांनी वाचायला लावलं होतं, त्या सगळ्यांनी मतपत्रिका नीट वाचली. समोरचा उमेदवार पुढे बरेच दिवस म्हणत फिरला, की यांनी मतदारांना असे नंबर काढून दिले की यांचंच चिन्ह तेवढं ठळक दिसावं.

सभागृहात जागा मिळाली ती खांबामागची. तिथून अध्यक्षांचा डावा कान तेवढा दिसायचा. पहिलं वर्षभर चष्मेवाले त्या कानाकडे बघत बसले, तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण पेचकस खिशात असायचा. विरोधी बाकावरच्या एका भारदस्त सभासदाचा चष्मा भाषणाच्या ऐन भरात निखळला, तेव्हा चष्मेवाले गुडघ्यांवर बसून बाकांखालून तो तिळाएवढा स्क्रू शोधत गेले आणि तिथल्या तिथे बसवून आले. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्यांच्या बाकाशी रांग लागायची. जी माणसं एरवी एकमेकांचं तोंड बघायची नाहीत, ती रांगेत उभी राहून एकमेकांना नंबर विचारायची.

आणि पीए मिळाला, तो तीन आमदार पचवलेला. सडपातळ, बगलेत कायम डायरी, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळं होऊन गेलंय, आता नुसतं आवरायचं राहिलंय. त्यानं पहिल्याच आठवड्यात चष्मेवाल्यांची शिकवणी घेतली.

“साहेब, लोक कामं घेऊन येणार. ‘नाही’ म्हटलं की मत जातं. ‘हो’ म्हटलं की झोप जाते. ‘बघतो’ म्हणायचं. काहीच जात नाही.”

“ते मी म्हणतोच,” चष्मेवाले खूश होऊन म्हणाले. “पण बघायचं कधी?”

पीएनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. “साहेब, ‘बघतो’ म्हटलं ना, की झालं बघून.”

शब्द तोच होता, म्हणून चष्मेवाल्यांना त्यातला फरक कळला नाही. चोर घरात शिरावा तर अनोळखी तोंडानं शिरावा. ओळखीच्या तोंडानं आला तर आपणच त्याला पाट देतो. लोक यायचे, गाऱ्हाणं सांगायचे, चष्मेवाले म्हणायचे “बघतो”, आणि पीए डायरीत नावापुढे ‘ब’ लिहायचा. दीड वर्षात पानंच्या पानं ‘ब’नं भरली. बाराखडी गिरवणाऱ्या मुलाची वही वाटावी. त्यातलं एकही काम पुढे सरकलं नव्हतं, पण कुणी रागावलंही नव्हतं, आणि चष्मेवाल्यांना वाटायचं आपलं बरं चाललंय.

त्या सुमारास सुईणबाई आल्या.

बाईंची पंचाहत्तरी उलटलेली. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात नवी पिशवी. अर्धा मतदारसंघ त्यांच्या हातून जगात आलेला, चष्मेवाल्यांसकट. त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसून वाट बघायची पद्धत बाईंना लागू नव्हती. त्या सरळ आत आल्या.

“काय रे, ओळखलंस का?”

“असं काय बोलता बाई.”

“नाही, आमदार झालास म्हणून विचारलं. तुला तुझ्या आईच्या आधी मी बघितलंय.” पीए खोकला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “तुलापण. पायाळू होतास. फार त्रास दिलास.”

मग त्या कामाचं बोलल्या. खालच्या वस्तीला जायला मध्ये ओढा. ओढ्यात अकरा दगड. पावसाळ्यात त्यातले सात दिसतात, उरलेल्या चारांवर ओळखीनं पाय टाकायचा. गेल्या वर्षी नवव्या दगडावर बाई घसरल्या. बाई वाचल्या, पिशवी वाहून गेली. पलीकडे पोरीला कळा सुटलेल्या आणि इकडे बाई काठावर बसून लुगडं पिळतायत. मोठ्या रस्त्यानं फिरून जायचं तर दीड तास.

“माझे पाय आता संपत आलेत,” बाई म्हणाल्या. “माझ्यामागून कुणी नर्स येईल ती शहाणी असेल, ती काही दगडावर पाय टाकणार नाही. मग पलीकडच्या पोरींनी काय करायचं? तिथं पूल हवा. गाडीचा नको, माणसाचा. आणि मला एकदा कोरड्या पायांनी पलीकडे जायचंय, मग काय व्हायचं ते होवो.”

चष्मेवाल्यांनी मान हलवली. “बघतो.”

“कधी?”

हा प्रश्न दीड वर्षात कुणी विचारला नव्हता. चष्मेवाल्यांनी पीएकडे पाहिलं.

“कळवू,” पीए म्हणाला.

“कळवायला कशाला हवं? चारनंतर मी काठावरच असते.” आणि बाई गेल्या. पीएनं लिहिलं, ‘ब’.

यानंतर एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी चष्मेवाले सुट्टीचे म्हणून दुकानात बसले होते. दूधवाला चष्मा घ्यायला आला आणि सहज बोलून गेला, “सुईणबाईंना काय झालंय हो? रोज चार वाजता ओढ्याकाठी स्टूल टाकून बसतात. विचारलं तर म्हणतात, चष्मेवाला यायचाय बघायला.”

“रोज?” बायकोनं पडद्याआडून विचारलं.

“रोज. परवा पाऊस होता तर छत्री घेऊन.”

चाक थांबलं. दूधवाला गेला. मग बायको हात पुसत बाहेर आली.

“तुम्ही त्यांना बघतो म्हणालात?”

“म्हणालो. म्हणजे अगं, तिथं ते तसंच म्हणतात. तो बोलायचा एक...”

“इथं बघतो म्हणायचात तेव्हा दिवा ओढायचात,” ती म्हणाली. “तिथं बघतो म्हणता तेव्हा डोळे मिटता. त्या बिचारीला वाटलं, दुकानातलंच ‘बघतो’ आहे ते.” तिनं दिव्याचं बटण दाबलं आणि बंद केलं. “इतक्या वर्षांत आपल्याकडे एक चष्मा असा नाही की तुम्ही बघतो म्हणालात आणि बघितला नाहीत. गिऱ्हाईक येतं ते काचेसाठी येत नाही, काच काय कुठेही मिळते. त्या एका शब्दावर हे दुकान उभं आहे. तो तुम्ही उचलून तिकडे फुकट वाटताय.”

चष्मेवाल्यांना पंधरा वर्षांच्या संसारात बायकोचं बोलणं अनेकदा लागलं होतं, पण ते वरवर. हे आत गेलं. ते उठले, चपला घातल्या. पीएला निरोप धाडला. साडेतीन वाजले होते.

बाई स्टुलावर होत्या. दोघांना बघून म्हणाल्या, “आलास? बस.”

“बाई, उशीर झाला.”

“तू जन्मालापण आठवडाभर उशिरा आलेलास. मला सवय आहे. चल आता, नुसतं काठावरून बघू नकोस, काठावरून सगळ्यांनाच ओढा बरा दिसतो.”

त्यांनी दोघांना दगडांवर घातलं. चष्मेवाले पाचव्यावर गुडघाभर भिजले आणि आठव्यावर त्यांची डावी चप्पल गेली. पीए मागून डायरी छातीशी धरून येत होता, जसं काही लेकरूच. सातव्या दगडावर त्यानं तोल सावरायला हात पसरले, आणि डायरी गेली. दोघं खालच्या काठावर धावले. वीस हात पुढे ती झुडपाला अडकली. उघडून पाहिली तर शाई पसरून सगळं पान निळं झालेलं. एक ‘ब’ शिल्लक नव्हता.

“माझी पिशवी गेली, तुझी वही गेली,” बाई पीएला म्हणाल्या. “फिटंफाट.”

पीए तिथंच ओल्या दगडावर बसला. दीड वर्षाचं काम पाण्यात गेलं म्हणून त्याला वाईट वाटत असावं. चष्मेवाल्यांना मात्र हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी डायरी आणली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘ओढ्यावरचा पूल’. त्याच्यापुढे ‘बघायचं’ आणि त्याच्यापुढे तारीख. पीएला सांगितलं, “यापुढे तारखेशिवाय ‘बघतो’ लिहायचं नाही.”

“साहेब, मग झोप जाईल.”

“जाऊ दे. दुपारी झोपू.”

आता पुलाची फाईल. ती होती, आणि जुनी होती. बांधकाम खात्याचा साहेब फार सज्जन. त्यानं ती झटकून पुढे ठेवली. त्यात लिहिलं होतं, की सदर ओढा कोरडा असून पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.

“कोरडा?” चष्मेवाले म्हणाले. “माझी चप्पल गेली त्यात.”

“चप्पल फाईलमध्ये नाही साहेब,” सज्जन साहेब म्हणाला. “फाईलमध्ये कोरडा आहे. मोजणी कडक उन्हाळ्यात झाली ना.”

फाईलीतला ओढा ओला करायचा तर मंत्र्यांची सही हवी. म्हणून चष्मेवाल्यांनी सभागृहात प्रश्न टाकला. त्यांचा पहिला. बांधकाम मंत्री उठले, कागद हातभर लांब धरून काहीतरी वाचलं, आणि म्हणाले, “सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन बघतो.” आणि बसले. एवढ्यावर प्रश्न संपतो, अशी तिथली रीत.

खांबामागून आवाज आला, “कधी?”

सगळे वळून बघायला लागले. बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं की त्या खांबामागे कुणी बसतं. अध्यक्षांनी पहिल्यांदाच डावा कान सोडून अख्खा चेहरा तिकडे केला.

“म्हणजे?” मंत्री म्हणाले.

“म्हणजे साहेब, बघतो म्हणालात ना. ओढा तिथंच आहे. चारनंतर एक बाई पण असतात. तारीख सांगा, मी घ्यायला येतो.”

हशा झाला. दोन्ही बाजूंनी झाला. मंत्र्यांच्या कपाळाला आठी पडली आणि चष्मेवाले खाली बसले. पीए मागून कुजबुजला, “गेलं साहेब. आता पाच वर्षं पूल नाही.”

आणि खरंच गेलं असतं. पण चष्मेवाल्यांचं लक्ष मंत्र्यांच्या उत्तराकडे होतंच कुठे? ते बघत होते कागद. हातभर लांब धरलेला. चार दिवसांनी ते मंत्र्यांच्या दालनात गेले.

“पुलाचं असेल तर...” मंत्र्यांनी सुरुवात केली.

“नाही साहेब. चष्म्याचं. डोकं दुखतं का तुमचं?”

मंत्र्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “दोन वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं?”

चष्मेवाल्यांनी हात पुढे केला, चष्मा घेतला, उजेडाकडे धरला. भिंग लावून काडीच्या आतल्या बाजूला बघितलं. बराच वेळ बघितलं.

“साहेब, हा चष्मा कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? माझा.”

“हा तुमचा नाही. हा लांबच्या नजरेचा आहे. तुमची तक्रार जवळच्याची. कुठेतरी अदलाबदल झालीय.”

मंत्री आठवायला लागले. दोन वर्षांपूर्वी, शपथविधीनंतरचं जेवण. सगळ्यांनी चष्मे काढून फोटो काढला होता. शेजारी अर्थमंत्री होते. फ्रेम सारखीच, काळी.

“म्हणजे दोन वर्षं...” मंत्री म्हणाले.

“दोन वर्षं तुम्ही त्यांच्या चष्म्यातून सह्या करताय, आणि ते तुमच्या चष्म्यातून अंदाजपत्रक वाचतायत.”

मंत्री इतके हसले की शिपाई दार उघडून बघून गेला. चष्मेवाल्यांनी तेव्हाच्या तेव्हा नंबर काढला, घरी घासून तिसऱ्या दिवशी नवा चष्मा आणून दिला. काच बायकोनं घासली होती. पुलाचा शब्दही काढला नाही. दिला चष्मा आणि निघाले. दारापर्यंत पोचले तोवर मागून हाक आली.

“थांबा हो. हे काय लिहिलंय इथं? ‘कोरडा’? आणि तारीख कसली टाकलीय? ऐन उन्हाळ्यात कुणी ओढा मोजतं का?” प्रश्नावेळी मागवलेली पुलाची फाईल मंत्र्यांच्या हातात होती आणि नाकापासून वीतभरच लांब होती. “बघतो,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “बुधवारी.”

बुधवारी ओढा भरून वाहत होता. पावसानं तेवढी लाज राखली. मंत्री आले, त्यांच्याबरोबर बूट घातलेली सोळा माणसं आली. सुईणबाई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी मंत्र्यांना दगड दाखवले. तिसऱ्या दगडावर मंत्री थांबले. पुढे जाईनात, मागे वळेनात. सोळा माणसं काठावरून सल्ले देत होती. बाई रबरी बुटांनी सरळ पाण्यात शिरल्या आणि हात पुढे केला.

“धरा. हजारभर पोरं ओढून काढलीत या हातानं, तुम्ही काय जड आहात?”

सही काठावरच झाली, एका शिपायाच्या पाठीवर कागद ठेवून.

पूल व्हायला मात्र दोन वर्षं लागली. सरकारी पूल म्हणजे काय, त्याचे खांबसुद्धा विचार करत करत वर येतात. त्या दोन वर्षांत चष्मेवाले दर पंधरवड्यानं तिथं जायचे, डायरीत तारीख असायची म्हणून. बाई स्टुलावर असायच्या. एक पाय सुजायचा, मग दोन्ही. “लवकर कर रे,” म्हणायच्या, “नाहीतर मला उचलून न्यावं लागेल, आणि मग माझे पाय कोरडे राहिले काय आणि ओले काय.” बोलायच्या हसून, पण चष्मेवाले परतताना ठेकेदाराकडे जाऊन बसायचे आणि तो कामाला लागेपर्यंत उठायचे नाहीत.

उद्घाटनाला मंत्री आले, फीत कापली. कोनशिला उघडली. तिच्यावर मंत्र्यांचं नाव होतं, खात्याचं, ठेकेदाराचं. आमदाराचं नव्हतं. पीएच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मजकूर स्वतः पाठवला होता, साहेबांच्या नावासकट.

“राहू दे,” बायको म्हणाली. “वाचणारे सगळे यांचेच चष्मे घालून वाचणार.”

सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाई काही पुलावर पाय ठेवत नव्हत्या. मंत्री म्हणाले, बाई चला, पहिला मान तुमचा. बाई म्हणाल्या, “चष्मेवाला कुठाय?”

चष्मेवाले पुलाखाली होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डाव्या डोळ्याला भिंग लावून, एकेक जोड बघत. वरून बाईंनी विचारलं, “बघितलंस का रे?”

“बघितलं.”

“सगळं?”

“एक बोल्ट सैल होता. आवळला.”

मग बाईंनी काठावर बसून रबरी बूट काढले. ते पीएच्या हातात दिले. आणि अनवाणी, कोरड्या पायांनी, एक हात कठड्यावर ठेवून त्या पलीकडे गेल्या. पलीकडे एक पोरगी पोटावर हात ठेवून उभी होती, आठवा महिना. बाईंनी तिथंच तिची विचारपूस सुरू केली. भाषणं कुणी ऐकली नाहीत.

त्यानंतर चष्मेवाले आणखी दोनदा निवडून आले. मंत्री वगैरे झाले नाहीत, त्यांना कुणी विचारलंही नाही. खांबामागची जागा बदलून देत होते ती त्यांनी घेतली नाही. रांगेला तिथं आडोसा बरा होता. सगळीच कामं झाली असंही नाही. दवाखान्याची खोली राहिली ती राहिलीच. पण बघितलं सगळं. आणि बाजारात एक बोलणं रूढ झालं. कुणी कुणाला “बघतो” म्हणालं, की दुसरा विचारायचा, “दुकानातलं की कचेरीतलं?”

चौथ्या वेळी ते पडले. तीनशे मतांनी. दोन साडवांमधला धाकटा आला निवडून, मोठा वारल्यावर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले डायरी घेऊन बसले. सात तारखा शिल्लक होत्या.

“आता कशाला?” बायकोनं विचारलं. “आता तुम्ही आमदार नाही.”

“बघतो म्हटलं होतं तेव्हा होतो ना.”

तिनं पोळ्या केल्या. डबा भरून दिला. ते सहा ठिकाणी जाऊन आले. लोक चकित व्हायचे, चहा करायचे, आणि गळका नळ किंवा पडकी भिंत दाखवायचे. चष्मेवाले बघायचे, नव्या आमदाराला द्यायला कागदावर लिहून घ्यायचे. सातवं काम खालच्या वस्तीत होतं. ते चारच्या सुमाराला पुलावर पोचले.

बाई पुलाच्या तोंडाशी स्टुलावर. आता काठी आली होती आणि कामावर दुसरी नर्स होती, दगड कधी न पाहिलेली. ती रोज पुलावरून सायकलनं जायची.

“हरलास म्हणे,” बाई म्हणाल्या.

“हरलो.”

“बरं झालं. दुकानात सापडशील तरी. हा बघ, काडी सैल झालीय कधीची.”

चष्मेवाल्यांनी डायरी कठड्यावर ठेवली, चष्मा हातात घेतला आणि उन्हाकडे वळले.

“बघतो,” ते म्हणाले, आणि पेचकस काढला.